‘अमर्यादित’ या शब्दाचा इतिहास : बँडविड्थ कोण मोजतो आणि कोणाला मोजू दिली जात नाही



अंतिम वर्षाचा प्रकल्प, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन किंवा घरचा छोटा व्यवसाय, यांपैकी कशासाठी तरी वेबसाइट करायची वेळ तुमच्यावर केव्हा ना केव्हा येते. मग तुम्ही स्वस्त होस्टिंग शोधता. जाहिरातीचा साचा ठरलेला असतो. महिन्याला शंभर-दीडशे रुपये, अमर्यादित जागा, अमर्यादित बँडविड्थ, आणि ‘अमर्यादित’ या शब्दाच्या डोक्यावर एक बारीक तारा. या टिपणाचा विषय तो तारा आहे. त्याच्या खाली पानाच्या तळाशी काय लिहिलेले असते, ते तिथे कधीपासून आले, आणि अभियंता म्हणून तुम्ही ते कसे वाचावे, हे आपण क्रमाने पाहू.

सुरुवात खानावळीपासून करू, कारण हा व्यवहार आपल्याला तिथून माहीत आहे. ‘अमर्यादित थाळी’ अशी पाटी असते आणि तिच्याखाली आणखी दोन-तीन पाट्या असतात : एका थाळीत दोघांनी जेवू नये, अन्न टाकू नये, पार्सल मिळणार नाही. यात कोणाला फसवणूक वाटत नाही. मालकाने माणसाच्या पोटाचा अंदाज बांधलेला असतो. चार जण कमी जेवतात, एक जण जास्त जेवतो, महिन्याचा हिशेब जुळतो. अटी दारातच, जेवणाऱ्याच्या भाषेत लिहिलेल्या असतात.

बँडविड्थच्या बाबतीत दोन गोष्टी बदलतात. संगणकाला पोट नसते, त्यामुळे तो ‘पुरे’ म्हणत नाही. आणि अटींची पाटी दारात नसते. या दोन फरकांतून गेल्या तीस वर्षांत काय काय घडले, तोच हा इतिहास.

१. आधी सगळे मोजून मिळत होते

बंगळुरूचा संगणक-इतिहास सांगताना १९८५ हे वर्ष हमखास येते. त्या वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने या शहरात आपले विकासकेंद्र उघडले आणि अमेरिकेतील कार्यालयाशी माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी उपग्रह दुव्याचा आधार घेतला. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया, म्हणजे एसटीपीआय, ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या केंद्रांत बंगळुरू आणि पुणे होते. या संस्थेने लहान सॉफ्टवेअर कंपन्यांना उपग्रहामार्फत परदेशाशी जोडणाऱ्या वाहिन्या भाड्याने दिल्या. एका वाहिनीचा वेग ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. आज तुमच्या फोनवरचे एक छायाचित्र, समजा ४ एमबीचे, त्या वाहिनीवरून पाठवायला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक वेळ लागला असता.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगाची नाही. त्या काळी बंगळुरूतील कंपनीला आपण नेमके काय विकत घेतो ते माहीत होते. करारात वेग लिहिलेला असे, भाडे लिहिलेले असे, आणि ती वाहिनी चोवीस तास तिचीच असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आधी चार महानगरे, पाठोपाठ बंगळुरू, पुणे अशी शहरे. मोडेम टेलिफोनला जोडायचा, क्रमांक फिरवायचा, आणि तासांच्या हिशेबाने सेवा वापरायची. वर्षाचे तास ठरलेले असत, ते संपले की पुन्हा पैसे भरायचे. शिवाय टेलिफोनचे बिल वेगळे. हिशेब कडक होता, पण उघड होता. तुम्ही घड्याळाकडे पाहून सांगू शकत होता की किती खर्च झाला आणि किती शिल्लक आहे.

२. कोपनहेगनचा गणिती आणि विक्रेत्याची पैज

मोजमापाकडून ‘अमर्यादित’कडे जाण्यासाठी लागणारे गणित मात्र इंटरनेटच्या बरेच आधी तयार होते. आग्नेर क्रारुप एर्लांग हा डॅनिश गणिती १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाला. त्याच्यापुढचा प्रश्न व्यावहारिक होता : गावात हजार टेलिफोन असतील, तर एक्स्चेंजमध्ये किती तारा हव्यात? हजार तारा टाकल्या तर कंपनी बुडेल, दहा टाकल्या तर लोक शिव्या देतील. १९०९ मध्ये त्याने संभाव्यतेच्या आधारे या प्रश्नावर पहिला लेख प्रसिद्ध केला आणि १९१७ मध्ये आपली प्रसिद्ध सूत्रे मांडली. दूरध्वनी वाहतुकीचे एकक आजही त्याच्या नावाने ‘एर्लांग’ असेच आहे.

कल्पना सोपी आहे. समजा, १०० ग्राहक आहेत आणि कोणत्याही क्षणी प्रत्येक जण जोडणी वापरत असण्याची शक्यता १० टक्के आहे. सरासरीने एका वेळी १० जण वापरतील. विक्रेत्याने १०० ऐवजी फक्त २० जणांपुरती व्यवस्था ठेवली, तर एकाच क्षणी २० पेक्षा जास्त जण येण्याची शक्यता किती? द्विपद वितरणाने हिशेब केला तर ती हजारात एकाहूनही कमी निघते. म्हणजे २० जणांपुरता माल १०० जणांना विकता येतो आणि जवळपास कोणालाही कळत नाही. याला ओव्हरसब्स्क्रिप्शन म्हणतात. यात लबाडी नाही. टेलिफोन, वीज, पाणी, बँक, सगळीकडे हेच चालते. हे नसते तर कोणतीही सेवा सर्वसामान्यांना परवडली नसती.

पण या हिशेबात एक गृहीतक आहे आणि परीक्षेत विद्यार्थी नेमके तेच लिहायचे विसरतात : ग्राहक एकमेकांपासून स्वतंत्रपणे वागतात. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी, घोषित वेळेच्या ठोक्याला, ते स्वतंत्रपणे वागत नाहीत. सकाळी तत्काळ तिकीट काढणारे स्वतंत्रपणे वागत नाहीत. त्या क्षणी १० टक्क्यांचे ९० टक्के होतात आणि एर्लांगचे गणित विक्रेत्याच्या बाजूने उभे राहत नाही. ‘अमर्यादित’ ही सरासरीवर लावलेली पैज आहे. तुम्हाला मात्र सेवेची गरज बहुतेक वेळा अशाच दिवशी पडते, जो दिवस सरासरीचा नसतो.

३. पैज हरली तेव्हा : अमेरिका, १९९६

ही पैज उघडपणे हरल्याचे पहिले मोठे उदाहरण अमेरिका ऑनलाइन या कंपनीचे आहे. १९९६ पर्यंत तिचे ग्राहक महिन्याला ९.९५ डॉलरमध्ये ५ तास घेत आणि पुढच्या प्रत्येक तासाला २.९५ डॉलर देत. स्पर्धा वाढल्यावर डिसेंबर १९९६ पासून कंपनीने १९.९५ डॉलरमध्ये अमर्यादित तास दिले.

परिणाम काय झाला असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. तासाला पैसे पडत होते तेव्हा लोक काम झाले की फोन ठेवत. आता ठेवायचे कारणच उरले नाही. उलट, एकदा लाइन लागली की ती सोडू नये, असे लोकांना वाटू लागले. मोडेम तेवढेच, वापर कितीतरी जास्त. देशभर ग्राहकांना तासन्‌तास एंगेज टोन ऐकू येऊ लागला. अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी दखल घेतली आणि जानेवारी १९९७ मध्ये कंपनीला ग्राहकांना परतावा देण्याचे मान्य करावे लागले.

यातून उद्योगाने दोन धडे घेतले. पहिला : ‘अमर्यादित’ हा शब्द विलक्षण विकला जातो. दुसरा : तो वापरायचा तर मर्यादा दुसरीकडे कुठेतरी, सहज न दिसेल अशा ठिकाणी ठेवायला हवी. पुढचा इतिहास मुख्यतः या दुसऱ्या धड्याचा आहे.

४. स्वस्त होस्टिंग कसे शक्य झाले

वेब होस्टिंग स्वस्त होण्यामागे तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि ती वेगळी ठेवूनच समजून घ्यावीत.

पहिले कारण प्रोटोकॉलचे. सुरुवातीच्या एचटीटीपीमध्ये ब्राउझर आपल्याला कोणत्या नावाची वेबसाइट हवी आहे हे सर्व्हरला सांगतच नसे. म्हणून व्यवहारात प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता लागे. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चे प्रमाणपत्रक प्रसिद्ध झाले आणि त्यात ‘होस्ट’ ही ओळ सक्तीची झाली. आता एकाच पत्त्यावर, एकाच यंत्रात शेकडो साइट राहू शकत होत्या. चाळीत एकच दरवाजा, पण पोस्टमनला खोली क्रमांक कळू लागला, असे समजा. १९९६ पासून आलेल्या सीपॅनेलसारख्या साधनांमुळे या चाळीचे व्यवस्थापनही सोपे झाले.

दुसरे कारण तारांचे. डॉटकॉमच्या तेजीत जगभर समुद्रातून आणि जमिनीतून प्रचंड प्रमाणात ऑप्टिकल फायबर टाकली गेली. २००० नंतर बाजार कोसळला, ग्लोबल क्रॉसिंगसारख्या कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली, पण फायबर जागेवरच राहिली. ती कवडीमोलाने विकली गेली. याचा एक ठळक फायदा भारतीय कंपनीला झाला. २००२ मध्ये टाटा समूहाकडे आलेल्या व्हीएसएनएलने २००४ मध्ये टायको या कंपनीचे जगभर पसरलेले समुद्री केबलजाळे सुमारे १३ कोटी डॉलरला घेण्याचा करार केला. ते उभारायला अब्जावधी डॉलर लागले होते. घाऊक बँडविड्थचे भाव घसरले, तसे किरकोळ विक्रेत्यांना हात सैल सोडता आला.

तिसरे कारण ग्राहकांचे. बहुतेक छोट्या वेबसाइटना पाहुणे फारच कमी असतात. दुकानाचा पत्ता, चार छायाचित्रे, एक फोन क्रमांक. महिन्याला एक-दोन जीबी वाहतूकही होत नाही.

ही तीन कारणे एकत्र आली. आधी जाहिरातींत ‘महिन्याला १० जीबी’, मग ‘१०० जीबी’ असे आकडे येत. ग्राहक त्यातले काहीच वापरत नसल्यामुळे आकडा वाढवायला खर्च येत नव्हता. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकड्यांची ही शर्यत संपली, कारण आकड्यांची जागा ‘अमर्यादित’ या शब्दाने घेतली. भारतातही हा बाजार मोठा झाला. मुंबईत १९९८ मध्ये सुरू झालेल्या डायरेक्टी समूहाने डोमेन आणि होस्टिंगचा व्यवसाय जगभर वाढवला आणि २०१४ मध्ये तो विभाग एन्ड्युरन्स इंटरनॅशनल या अमेरिकी समूहाकडे गेला. त्या समूहाकडे स्वस्त होस्टिंगचे अनेक ब्रँड होते.

५. मर्यादा कुठे गेली

आता कागद-पेन घ्या. एका सर्व्हरची जोडणी १ जीबीपीएस आहे असे धरा. ती महिनाभर, एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने चालली, तर किती माहिती जाईल?

१०० कोटी बिट × ८६,४०० सेकंद × ३० दिवस ÷ ८ = ३२४ टीबी.

हा त्या यंत्राचा भौतिक कळस. त्यावर ५०० खाती असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ६४८ जीबी येतात. प्रत्येकाला विकलेला शब्द मात्र ‘अमर्यादित’ आहे. बारीक अक्षरांतला तारा या ठिकाणी कामाला येतो.

सेवाशर्ती वाचल्या, तर बँडविड्थवर मर्यादा सहसा दिसतच नाही. ती पुढील ठिकाणी दिसते :

प्रोसेसर आणि स्मृती : एका खात्याने सर्व्हरच्या २५ टक्क्यांहून अधिक साधने ९० सेकंदांपेक्षा जास्त वेळ वापरू नयेत, अशा धर्तीचे कलम या व्यवसायात प्रचलित आहे.

फाइलींची संख्या : जागा अमर्यादित, पण फाइली दोन-अडीच लाखांपेक्षा जास्त नकोत. तांत्रिक भाषेत याला आयनोडची मर्यादा म्हणतात. ईमेल, छायाचित्रांच्या लहान प्रती आणि कॅश मिळून हा आकडा वाटतो त्यापेक्षा लवकर गाठला जातो.

वापराचे स्वरूप : बॅकअप साठवणे, व्हिडिओ वाटणे, मोठ्या फाइली डाउनलोडला ठेवणे यांना मनाई. म्हणजे बँडविड्थ खाणारी कामेच वर्ज्य.

‘सर्वसाधारण वापर’ : हे सर्वांत व्यापक कलम. वापर असाधारण वाटला, तर खाते स्थगित करण्याचा अधिकार कंपनीचा. असाधारण म्हणजे किती, ते लिहिलेले नसते.

एक उदाहरण करून पाहा. महाविद्यालयाचा निकाल लागला. पाच हजार विद्यार्थ्यांनी एकाच मिनिटात पान उघडले. पान २ एमबीचे. एकूण वाहतूक फक्त १० जीबी, म्हणजे महिन्याच्या हिशेबात नगण्य. पण ती ६० सेकंदांत हवी असल्यामुळे वेग लागतो सुमारे १.३३ जीबीपीएस, म्हणजे संपूर्ण सर्व्हरच्या जोडणीपेक्षा जास्त. दरम्यान, प्रत्येक पान तयार करायला प्रोसेसरचा दशांश सेकंद लागत असेल, तर ५०० सेकंदांचे काम ६० सेकंदांत करायचे आहे. त्याला आठाहून अधिक कोअर पूर्णवेळ लागतील. शे-दीडशे रुपयांच्या खात्याला यातला अंशच मिळतो. बँडविड्थची ‘अमर्यादा’ अबाधित राहते आणि साइट बंद पडते. कंपनीने शब्द मोडला, असे तुम्हाला सिद्ध करता येत नाही.

आता याच व्यवहाराची दुसरी बाजू पाहा. होस्टिंग कंपनी स्वतः बँडविड्थ कशी विकत घेते? मोजून. घाऊक बाजारातील रूढ पद्धत ‘९५ वा शततमक’ ही आहे. दर पाच मिनिटांनी वापर नोंदवतात. तीस दिवसांत ८,६४० नोंदी होतात. त्यांतल्या सर्वांत वरच्या ५ टक्के, म्हणजे ४३२ नोंदी वगळतात आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठ्या नोंदीवर बिल आकारतात. म्हणजे महिन्याला ३६ तासांची उसळी माफ, बाकी सगळे काटेकोर. बंगळुरूतील कोणत्याही मोठ्या कंपनीचा इंटरनेट करार पाहिला तर त्यातही हमीचा वेग, बंद पडण्याची कमाल मुदत आणि भरपाईची कलमे दिसतात, ‘अमर्यादित’ शब्दावर कोणी सही करत नाही. ज्यांना बँडविड्थ कळते ते ती मोजून घेतात. हा शब्द फक्त किरकोळ ग्राहकासाठी राखलेला आहे.

६. रात्री दोन ते आठ

घरगुती ब्रॉडबँडचा इतिहास याच वळणाने गेला. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ सेवा सुरू केली. स्वस्त योजनांत महिन्याला मोजका डेटा मिळे, त्यापुढे एमबीमागे पैसे पडत. पण काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ हा काळ अमर्यादित असे. त्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी रात्री दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू केलेले आहेत.

ही योजना मला या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक योजना वाटते. तिने मर्यादा लपवली नाही, घड्याळावर टाकली. रात्री वाहिन्या रिकाम्या असतात, म्हणून रात्री फुकट, हे कोणालाही समजते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. अनेक कृषिपंपांना मीटरने नव्हे तर अश्वशक्तीने वीजबिल येई, पण वीज मिळे ठरावीक तास आणि तीही बरेचदा रात्री. गावातली नळपट्टीही तशीच : वर्षाची रक्कम ठरलेली, पाणी कितीही भरा, पण नळ येणार तासभर. दरातली मर्यादा काढली की ती वेळेत किंवा दाबात उगवते.

पुढे ‘अमर्यादित’ ब्रॉडबँड योजना सर्रास झाल्या, तेव्हा मर्यादा वेगात उगवली. ‘फेअर यूसेज पॉलिसी’ या नावाखाली ठरावीक जीबीनंतर वेग इतका उतरे की पान उघडेनासे होई. जोडणी चालूच असे, म्हणून ‘अमर्यादित’ शब्द तांत्रिकदृष्ट्या खरा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जुलै २०१२ मध्ये आदेश काढून या योजनांतील मर्यादा आणि वेग ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. ३१ ऑक्टोबर २०१६ च्या आदेशाने आणखी पुढचे पाऊल टाकले : घरगुती ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही आणि वापर ५०, ९० व १०० टक्क्यांवर पोचला की ग्राहकाला कळवावे लागेल. त्याच सुमारास, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओची मोबाइल सेवा आली. जानेवारी २०१७ पासून तिच्या मोफत योजनेत दिवसाला १ जीबीनंतर वेग १२८ केबीपीएसवर येई.

आजच्या फायबर योजनांत ‘अमर्यादित’च्या ताऱ्याखाली ३,३०० जीबी असा आकडा आढळतो. त्याचाही हिशेब करा. ३० एमबीपीएसची जोडणी महिनाभर अखंड चालली, तर ९,७२० जीबी होतात. ३,३०० म्हणजे त्याचा साधारण तिसरा हिस्सा, दिवसाला आठ तास पूर्ण वेग. बहुतेक कुटुंबांना हे पुरून उरते. मग सरळ ‘महिन्याला ३,३०० जीबी’ असे मोठ्या अक्षरांत का लिहीत नाहीत? कारण आकडा आला की दोन कंपन्यांची तुलना करता येते. शब्दांची तुलना करता येत नाही.

७. शब्द मागे घेतला जातो तेव्हा

बँडविड्थ सोडून साठवणुकीकडे पाहिले, तर शब्द मागे घेतल्याची उदाहरणे ताजी आहेत. गूगल फोटोजची मोफत अमर्यादित साठवण १ जून २०२१ रोजी नव्या छायाचित्रांसाठी बंद झाली. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्यादित जागाही गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये घोषणा झाली आणि जुलै २०२२ पासून जुन्या संस्थांनाही सर्व खात्यांत मिळून १०० टीबी, असा नियम लागू झाला. पाच हजार खात्यांच्या महाविद्यालयात माणशी २० जीबी. महासाथीच्या काळात तासन्‌तासांची व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करून तिथे ठेवणाऱ्या संस्थांना निवड करावी लागली : काय ठेवायचे, काय पुसायचे. जागा अमर्यादित होती तोवर कोणी यादी केली नव्हती, नावे नीट दिली नव्हती, दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती. अमर्यादितपणाची ही किंमत बिलात दिसत नाही : आपली मोजण्याची सवय जाते.

८. मग ही फसवणूक आहे का?

विक्रेत्याची बाजूही नीट मांडली पाहिजे. शंभरातल्या पंच्याण्णव ग्राहकांसाठी ‘अमर्यादित’ व्यवहारात खरे ठरते. त्यांना आकडे समजून घ्यायचे नसतात आणि बिल अचानक फुगण्याची भीती नको असते. मोजून आकारणाऱ्या क्लाउड सेवांत एखादी चूक किंवा हल्ला झाला तर हजारो रुपयांचे बिल येऊ शकते. ठरावीक रक्कम ही छोट्या दुकानदाराची खरी गरज आहे.

प्रश्न राहतो तो उरलेल्या पाच जणांचा, आणि त्या पंच्याण्णवांपैकी प्रत्येकाच्या त्या एका दिवसाचा. कायद्याची दिशा आता स्पष्ट होत आहे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने ‘अमर्यादित’ योजनेच्या ग्राहकांचा वेग उतरवला, म्हणून तेथील व्यापार आयोगाने २०१४ मध्ये दावा लावला आणि २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अंतर्गत जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनुसार खुलाशाने मुख्य दाव्याला छेद देता कामा नये, महत्त्वाची माहिती लपवता कामा नये, आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा. शेवटचा मुद्दा मराठी वाचकाने ध्यानात ठेवावा. जाहिरात मराठीत आणि अटी इंग्रजीत, हा प्रकार या तत्त्वांत बसत नाही.

९. अभ्यासकाने काय विचारावे

एखाद्या संस्थेसाठी सेवा निवडायची जबाबदारी तुमच्यावर आली, तर पुढील प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

(अ) एका खात्याला प्रोसेसर, स्मृती आणि एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया किती?

(आ) फाइलींची कमाल संख्या किती?

(इ) मर्यादा ओलांडल्यास काय होते : वेग उतरतो, जादा बिल येते, की खाते बंद होते? आधी सूचना मिळते का?

(ई) खाते स्थगित झाल्यावर माझी माहिती मला किती दिवसांत आणि कशी मिळेल?

(उ) पहिल्या वर्षानंतर नूतनीकरणाचा दर किती?

शेवटचे दोन प्रश्न बँडविड्थचे नाहीत, पण त्यांच्या उत्तरांवरून विक्रेता बाकीच्या उत्तरांबाबत किती गंभीर आहे ते कळते. पाचांपैकी एकाचेही उत्तर आकड्यात मिळाले नाही, तर त्या सेवेवर निकाल, प्रवेश किंवा देणग्या यांसारखी कामे ठेवू नका. स्वतःच्या सरावाच्या साइटसाठी ती खुशाल घ्या. त्या कामाला ती स्वस्त आणि पुरेशी आहे.

स्वाध्याय

१. २५६ केबीपीएसची जोडणी ३० दिवस अखंड चालवल्यास किती जीबी उतरवता येतील? (उत्तर सुमारे ८३ यायला हवे.) या जोडणीला ‘अमर्यादित’ म्हणण्याचा अर्थ काय उरतो, ते दोन वाक्यांत लिहा.

२. कलम २ मधील उदाहरणात वापराची शक्यता १० ऐवजी ३० टक्के धरा आणि २० जणांपुरतीच व्यवस्था ठेवा. पैज कोण हरते?

३. कोणत्याही एका ‘अमर्यादित’ होस्टिंग योजनेच्या सेवाशर्ती मिळवा. त्यांतील प्रत्येक मर्यादा शोधा आणि ती वेळ, वेग, संख्या, स्वरूप की विक्रेत्याची मर्जी यांपैकी कशावर आहे, त्यानुसार तक्ता करा.

४. तुमच्या गावातील किंवा वसतिगृहातील अशी एक सेवा शोधा, जिचा दर ठरावीक आहे आणि वापर मोजला जात नाही. तिथे मर्यादा नेमकी कुठे आहे आणि ती सर्वांत आधी कोणाला जाणवते?